आईला हाजी अलीला न्यायचंय – भरती-ओहोटी, गर्दी, आतली रीत, सगळंच सांगा

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. आई बहात्तरची आहे, गाव वाईच्या अलीकडे. १९८९ साली माझा धाकटा भाऊ मुंबईत इस्पितळात होता, सात वर्षांचा. डॉक्टरांनी फारशी आशा दिली नव्हती. आई आणि दादा, म्हणजे माझे वडील, रोज बसने ये-जा करायचे आणि वाटेत समुद्रात तो पांढरा दर्गा दिसायचा. एके दिवशी आईनं बसच्या खिडकीतूनच हात जोडले आणि बोलली, पोरगा उठून चालला तर तुझ्या दारात येऊन चादर चढवीन. पोरगा उठला. आज त्याची मुलं कॉलेजात आहेत. नवस मात्र तसाच राहिला. कधी शेती, कधी दादांचं आजारपण, कधी आणखी काही. गेल्या महिन्यात आई म्हणाली, "आता गुडघे अजून साथ देतात तोवर ने."

मी डोंबिवलीला राहते. त्या रस्त्यानं शेकडो वेळा गेले असेन, पण आत एकदाही नाही. कुठल्या वेळी जावं? आईला एवढं चालवेल का? बायकांना मजारीपर्यंत, म्हणजे कबरीपर्यंत, सोडतात ना? चादर घरून न्यायची की तिथे मिळते? आमच्या गावात पीर आहे, उरुसाला गलेफ असतो, मलिदा असतो, ते सगळं आईला ठाऊक आहे. पण मुंबईतली रीत वेगळी असेल, तिच्याकडून काही चुकू नये असं मला फार वाटतं. ज्यांना माहिती आहे त्यांनी हातचं न राखता लिहा.

वरळी_कोळीवाडा

ताई, आधी पाणी बघा, मग गाडीचं वेळापत्रक. दर्गा किनाऱ्यापासून अर्धा किलोमीटरच्या आसपास आत, खडकावर आहे. जायची वाट समुद्रातून जाते, तिला कठडा नाही. मोठ्या भरतीला ती पाण्याखाली जाते. नेमकं हेच बाहेरगावच्या माणसांच्या लक्षात येत नाही. लांबून येतात आणि समोर पाणी बघून दोन-तीन तास रस्त्याच्या कडेला बसून राहतात.

आमच्या घरात आजोबांपासूनचा हिशोब आहे, तो लिहितो. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरायचे. पंधरा पाऊणे सव्वाअकरा, म्हणजे दुपारी आणि रात्री सव्वाअकराच्या पुढेमागे पूर्ण भरती. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा. तिथून साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. यात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, मुंबईत बहुतेक वेळा थोडं उशिराच येतं. म्हणून निघायच्या आदल्या रात्री त्या दिवसाच्या भरतीच्या वेळा मोबाईलवर पडताळून घ्या. पण दिवस ठरवायला घरातलं कॅलेंडर पुरतं.

दुसरी गोष्ट, पुनवेला-अवसेला उधाण असतं. पाणी वर खूप चढतं आणि खालीही खूप उतरतं. सप्तमी ते दशमीच्या आसपास भांग असतो. तेव्हा ना फार चढत, ना फार उतरत. म्हाताऱ्या माणसाला न्यायचं तर भांगाचा दिवस धरा. अष्टमी किंवा नवमी, सकाळी दहाला निघालात तर पाणी उतरतंच असतं, घाई करायला नको.

पाणी वाटेवर यायला पूर्ण भरतीची वाट बघत नाही. त्याच्या दीड-दोन तास आधीच उधाणाच्या दिवशी कडेनं लाट उडायला लागते. तिथली माणसं हाका मारतात, त्या ऐका. आणि आत असताना पाणी आलंच तर आतच बसून राहा. वर काही धोका नाही, ओहोटी लागली की वाट मोकळी होते. घोटाभर तर पाणी आहे असं म्हणून उतरू नका. त्या घोटाभर पाण्याला ओढ असते आणि खाली शेवाळ असतं. दर्ग्याच्या मागच्या खडकांवरही जाऊ नका. पोरं ओहोटीला फोटोसाठी लांब जातात आणि पाणी पाठीमागून येतं. माझ्या डोळ्यांसमोर आम्ही दोघांना दोरीनं ओढून घेतलंय.

पावसाळा असता तर मी नकोच म्हटलं असतं. साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस पालिका पावसाळ्याआधी जाहीर करते, त्या दिवसांत तर वाटेकडे फिरकू नये.

लालबागकर

डोंबिवलीहून येताय तर दादरला बदलून महालक्ष्मीला उतरा असं कुणीही सांगेल. मी सांगणार नाही. आईंना दादरचा पूल गर्दीत चढवणं म्हणजे निम्मी ताकद तिथेच जाते. जलद गाडीनं थेट भायखळ्याला उतरा, पश्चिमेला टॅक्सी करा, सात रस्ता चौकावरून महालक्ष्मी आणि रेसकोर्सच्या कडेनं हाजी अली. टॅक्सीवाल्याला दर्ग्याच्याच बाजूला सोडायला सांगा. तो मुख्य रस्ता ओलांडणं म्हाताऱ्या माणसाचं काम नाही, गाड्या सुसाट असतात. पलीकडे सोडलंच तर सबवेनं या. कोस्टल रोड २०२४ साली सुरू झाल्यापासून त्या नाक्यावरचे फाटे वाढलेत. रोजच्या टॅक्सीवाल्यांना ते पाठ आहेत, पण स्वतःची गाडी आणून वळण चुकलात तर भलतीकडेच निघाल. आणि पार्किंगचा तर प्रश्नच आहे.

गुरुवार, शुक्रवार, रविवार आणि सुट्टीचा दिवस टाळा. मंगळवारी सकाळी जा.

पाटील_जत

आमच्या गावची बस दरवर्षी मुंबई दर्शनाला येते, सिद्धिविनायक, महालक्ष्मी, हाजी अली एकाच दिवसात. पन्नास माणसं. आम्हाला एकदा फार वाईट अनुभव आला. वाटेवर एक जण पुढे आला, स्वच्छ कपडे, गोड बोलणं. म्हणाला मी आतलाच, तुमच्या सगळ्यांची मिळून मोठी चादर चढवतो, रांग लागणार नाही. आमच्या भाबड्या माणसांनी अकराशे रुपये दिले. आत गेल्यावर तो गर्दीत गेला तो गेलाच. पैशाचं एवढं नाही, पण आमच्या एका म्हातारीला तिची चादर पोचली नाही याचं इतकं लागलं की ती परतीच्या वाटेवर एक शब्द बोलली नाही. नव्या माणसांनी हे जरूर लक्षात ठेवा.

म्हसळ्याची_लेक

पाटीलदादा, वाचून खरंच वाईट वाटलं. त्या आजींना सांगा की त्यांची चादर पोचली. नियत केली तिथेच ती पोचते, आमच्यात असंच मानतात. पण पैसे कुणाच्याही हातात वाटेवर द्यायचे नाहीत. दर्शनाला काही लागत नाही. द्यायचंच असेल तर आतल्या पेटीत टाका, नाहीतर कार्यालयात पावती घेऊन द्या.

कृष्णाकाठताई, मी मूळची म्हसळ्याची, आता माहीमला राहते. सासूबाईंबरोबर दर महिन्याला हाजी अलीला जियारतला, म्हणजे दर्शनाला, जाते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

चादर घरून आणायची गरज नाही. वाटेच्या तोंडाशी आणि वाटेवर दुकानं आहेत, चादर, गुलाबाची फुलं, अगरबत्ती, शिरणी म्हणजे प्रसादाची मिठाई, सगळं मिळतं. लहान चादर घ्या. दुकानदार मोठी दाखवतील, जरीची दाखवतील. नवसात मोठी बोलला असाल तर प्रश्न वेगळा, नाहीतर लहान हिरवी चादर आणि मूठभर फुलं भरपूर झाली. भाव आधी विचारा, टोपली हातात घेण्याच्या आधी. "परत येताना द्या" म्हणतील त्याला हो म्हणू नका.

डोकं झाकायचं, बायकांनी आणि पुरुषांनीही. आईंचा पदर पुरे, तुम्ही पंजाबी ड्रेसवर ओढणी घ्या. भाऊ येणार असतील तर मोठा रुमाल खिशात ठेवायला सांगा. हाफ पँट, बिनबाह्यांचे कपडे नकोत. चपला बाहेर काढायच्या, म्हणून बुटांपेक्षा चपलाच घाला. नाडी सोडायला आईंना वाकावं लागणार नाही.

आत बायकांची बाजू वेगळी आणि पुरुषांची वेगळी असते. चादर खादिमांच्या, म्हणजे दर्ग्यातल्या सेवेकऱ्यांच्या, हातात द्यायची, ते मजारीवर घालतात आणि कधी तिचं टोक थोडा वेळ तुमच्या डोक्यावर धरतात. त्या वेळी घाबरू नका, तो आशीर्वाद असतो. हात जोडायचे की पसरायचे, असा प्रश्न मला खूप मैत्रिणी विचारतात. तुम्ही जोडा, आम्ही पसरतो. तिथे कुणी कुणाला काही म्हणत नाही. फक्त मजारीपुढे लोटांगण घालू नका, आमच्यात माथा टेकायचा तो अल्लाहपुढे. आणि निघताना एकदम पाठ फिरवू नये, चार पावलं मागे मागे यायचं. तुमच्या गावच्या पिराला आई हेच करत असतील, विचारून बघा.

अजान झाली की गडबड थांबवून बाजूला उभं राहायचं, नमाजीच्या समोरून जायचं नाही. शुक्रवारी दुपारी तर आलेल्यांनी जुम्म्याच्या नमाजीला जागा द्यावी, दर्शन नंतर होतं. आत मजारीजवळ मोबाईल पर्समध्येच राहू द्या. बाहेर चौकात, समुद्राकडे हवे तेवढे फोटो काढा. पण तिथे कुणी रडत असतं, कुणी आजारी लेकराला मांडीवर घेऊन बसलेलं असतं. त्यांचे फोटो काढू नका. माझ्या सासूबाई नणंदेच्या आजारपणात तिथे रडत होत्या आणि एका पर्यटकानं त्यांचा फोटो काढला. त्या आजही ते विसरलेल्या नाहीत.

वाटेवर मागणारे खूप असतात, अपंग माणसं रांगेनं बसलेली असतात. आई हळव्या असतील तर घरूनच सुट्टी नाणी वेगळ्या पिशवीत घेऊन या. एकाला नोट दिली की दहा जण भोवती येतात, आणि कठडा नसलेल्या वाटेवर ती गर्दी धोक्याची असते.

कायद्याचं_पान

बायकांच्या प्रवेशाबद्दल नेमकं सांगते, कारण अजूनही लोक जुनंच ऐकून येतात. साधारण २०११-१२ पासून ट्रस्टनं बायकांना मजारीच्या गाभ्यात जायला बंदी केली होती. त्याआधी बायका जात होत्या. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या झाकिया सोमण आणि नूरजहाँ नियाझ न्यायालयात गेल्या. मुंबई उच्च न्यायालयानं २६ ऑगस्ट २०१६ रोजी ही बंदी घटनेच्या १४, १५ आणि २५ या कलमांविरुद्ध ठरवली. ट्रस्ट सर्वोच्च न्यायालयात गेला, पण ऑक्टोबरमध्ये तिथे त्यांनीच पुरुषांच्या बरोबरीनं प्रवेश देऊ असं सांगितलं. २९ नोव्हेंबर २०१६ ला बायका पुन्हा आत गेल्या. आता स्त्री-पुरुष दोघांनाही मजारीपासून सारख्याच अंतरावर उभं राहावं लागतं. मजारीला हात लागत नाही म्हणून बायकांना अडवलं असं समजू नका, पुरुषांनाही तोच नियम आहे.

मी स्वतः २०१३ मध्ये बाहेरच्या जाळीपाशी उभी राहून परतले होते. २०१७ मध्ये आत गेले तेव्हा डोळे भरून आले. त्या दोघींचे उपकार आहेत.

दोन_पोरांची_आई

ताई, पाणी जवळ ठेवा! आम्ही एप्रिलमध्ये मुलांना घेऊन गेलो, भरतीचं काहीच बघितलं नव्हतं. आत असताना वाट बंद झाली, तीन तास अडकलो. धोका नव्हता, पण धाकटी चार वर्षांची, ऊन कडक, आणि बाटली मी टॅक्सीतच विसरलेले. एका अनोळखी बाईंनी त्यांच्या थर्मासमधलं सरबत पोरीला पाजलं. वाटेवर सावली अजिबात नाही. छत्री, टोपी, पाणी, आणि मधुमेह असेल तर बिस्किटं. सोबत असलंच पाहिजे.

कृष्णाकाठ

इतकं सगळं लिहिलंत, मी पुन्हा पुन्हा वाचतेय. आईला म्हसळ्याच्या ताईंचं मोठ्यानं वाचून दाखवलं. पाठ न फिरवण्याबद्दल ती म्हणाली, "मग काय, पिराला कुणी पाठ दाखवतं का?" हाजी अली कोण होते, एवढं मात्र तिला माहीत नाही. ती विचारतेय.

म्हसळ्याची_लेक

त्यांचं नाव पीर हाजी अली शाह बुखारी. बुखारा शहरचे, ते आताच्या उझबेकिस्तानात येतं. श्रीमंत व्यापारी होते, सगळं सोडून फिरत फिरत वरळीला येऊन राहिले. दर्गा १४३१ चा मानतात.

आईंना ही गोष्ट सांगा. एक बाई रिकामं भांडं घेऊन रडत चालली होती. तेल सांडलं होतं, घरी नवरा मारेल ही भीती. हाजी अलींनी तिला तेल सांडलं ती जागा विचारली आणि तिथे जमिनीत अंगठा रोवला. तेल उसळून वर आलं, बाई भांडं भरून घरी गेली. पण त्यानंतर त्यांना सारखी स्वप्नं पडायला लागली, आपण धरतीला दुखापत केली. त्या दुःखात ते आजारी पडले. जाताना सांगितलं, मला कबरस्तानात पुरू नका, समुद्रात सोडा, मी जिथे थांबेन तिथे मला ठेवा. काही जण सांगतात की ते मक्केच्या वाटेवर वारले आणि शवपेटी लाटांबरोबर परत वरळीला आली. दोन्ही गोष्टी ऐकायला मिळतात. मला त्यातलं ते धरतीला दुखल्याचं स्वप्न लहानपणापासून आवडतं.

आणि जमलं तर आईंना एकदा आमच्या माहीमलाही आणा. मखदूम अली माहिमी तर इथलेच, कोकणचे. जन्म १३७२, वफात १४३१. मोठे विद्वान, कुराणावर अरबीत भाष्य लिहिलेलं. त्यांच्या आईची गोष्ट इथल्या प्रत्येक घरात सांगतात. आईनं रात्री पाणी मागितलं, हे पाणी घेऊन येईपर्यंत तिचा डोळा लागला. झोप मोडू नये म्हणून लेक पेला हातात धरून पहाटेपर्यंत उभा राहिला. डिसेंबरात दहा दिवस उरूस भरतो आणि पहिला संदल, म्हणजे चंदन चढवण्याचा मान, मुंबई पोलिसांचा असतो, पोलीस ठाण्यापासून बँडबाज्यासकट मिरवणुकीनं येतात. तिथे समुद्राची वाट नाही, स्टेशनच्या पश्चिमेला थोडं चाललं की दर्गा.

वरळी_कोळीवाडा

ताई, येत्या आठवड्यातली शुद्ध नवमी मंगळवारी आहे. नऊ पाऊणे पावणेसात. सकाळी पावणेसातला भरती, पाऊणला ओहोटी, तीही भांगाची. साडेदहाला वाटेवर असा.

कृष्णाकाठ

जाऊन आलो!! मंगळवारीच गेलो. मी, आई आणि भाऊ. त्यानं पुण्याहून रजा काढली.

भायखळ्याला उतरून टॅक्सी केली. दहा-चाळीसला वाटेवर पाय ठेवला. पाणी दोन्ही बाजूंना खाली होतं, काळे खडक उघडे, वास होता पण सोसण्यासारखा. वाटेवर दगडाच्या सांध्यांत मीठ सुकून पांढरं झालेलं. आईनं वाकून बोट लावलं आणि जिभेवर ठेवलं. तिला मी पहिल्यांदाच समुद्र चाखताना बघितलं. तीन वेळा थांबलो. नाण्यांची पिशवी भावाच्या हातात होती, एकेकाला देत गेला, गर्दी झाली नाही.

चादर लहान, हिरवी घेतली. दुकानदारानं मोठी दाखवली, आई म्हणाली, "बोलले होते तेव्हा हातात बसच्या तिकिटापुरते पैसे होते. लहानच दे." त्यानं दिली, भावही वाजवी लावला.

आत पांढरा संगमरवर, खांबांवर आरशांचं काम, चांदीची चौकट. खादिमांनी चादर घेतली आणि तिचं टोक आईच्या डोक्यावर ठेवलं. मला वाटलं होतं ती रडेल. ती रडली नाही, तिनं मला आणि भावाला जवळ ओढून त्या कापडाखाली घेतलं. भाऊ पुरुषांच्या बाजूनं यायला हवा होता, चुकून आमच्या मागे आला होता. खादिम काही बोलले नाहीत, थोड्या वेळानं हातानं हळूच बाजू दाखवली. मग आई मागे मागे सरकत बाहेर आली, गावात येते तशीच.

चौकात तासभर बसलो. कुणीतरी कव्वाली म्हणत होतं, पेटी थोडी बेसूर होती, पण आवाज मोठा गोड. बाटली नेली होती, छत्रीही. दोन_पोरांची_आई, तुमची आठवण काढली. एक बाई उन्हात लेकराला घेऊन बसली होती, तिला आईनं आमची छत्री दिली आणि परत मागितलीच नाही.

परत येताना कोपऱ्यावर सीताफळाचा रस प्यायलो. आईच्या पदराच्या गाठीत शिरणी होती, घरी येईपर्यंत तिनं गाठ सोडली नाही. रात्री वाटे घातले. शेजारी, नणंदा, आणि एक वाटा वेगळ्या कागदात, गावच्या पिराच्या मुजावरांसाठी.

वरळीचे दादा, पाण्याचा तुमचा हिशोब मिनिटाला मिनिट जुळला म्हणावं इतका जवळ होता. आईनं तो वहीत लिहून घेतलाय.

म्हसळ्याच्या ताई, पेल्याची गोष्ट भावानं आईला टॅक्सीत सांगितली. ती आता माहीमचं विचारतेय. उद्या किंवा परवा जमेल का?

म्हसळ्याची_लेक

उद्या बुधवार, उद्या नको. बुधवारी सेंट मायकल चर्चला नोव्हेनाची, म्हणजे तिथल्या खास प्रार्थनेची, गर्दी असते, स्टेशनपासून रस्ता भरलेला असतो. परवा गुरुवार, दर्ग्यावरच गर्दी. शनिवारी सकाळी या, नऊच्या सुमाराला. पश्चिमेला तिकीट खिडकीपाशी उभी राहीन. दर्शन झालं की घर पाच मिनिटांवर आहे, सासूबाईंनी आईंसाठी तांदळाची भाकरी करायचं आत्ताच ठरवून टाकलंय.